माशाभाताचा मुलूख, ब्लँचर्डस्टाउन

ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही वेळा भात शिजला, त्याला भाताचं रोप ओळखता येऊ नये, ही गोष्ट मी सहसा कुणाला सांगत नाही. बायको सांगते. आम्ही राहतो त्या डब्लिनच्या ब्लँचर्डस्टाउन उपनगरातल्या बहुतेक मराठी घरांत तिची ती सांगून झाली आहे. गणपतीत सांगितली, हळदीकुंकवाला सांगितली, एकदा तर दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या शेजारच्या अनोळखी बाईंना सांगितली. तेव्हा म्हटलं, आपणच एकदा लिहून टाकावी. मूर्खपणा माझा, तर निदान त्याची अधिकृत आवृत्ती तरी माझी असावी.

इथे कौन्सिलकडून भाजीपाला लावायला जमिनीचा छोटा तुकडा भाड्याने मिळतो. अलॉटमेंट म्हणतात त्याला. बरीच वाट बघून आम्हाला तो मिळाला आणि पहिल्याच शनिवारी मी नवीन गमबूट, नवीन हातमोजे आणि नवीन खुरपं असा नटून तिथे हजर झालो. आमच्या तुकड्यात उपटण्यासारखं काही नव्हतं, दगडच होते. शेजारच्या तुकड्यात मात्र एका वाफ्यात हिरवंगार गवत माजलं होतं. शेजारी जागेवर नव्हता. मी जन्माने मालवणी, वाढलो मुंबईत, पण शेजारधर्म दोन्हीकडचा. सगळं गवत उपटून बांधावर ढीग घातला. गवत असं ओळीत कसं काय उगवलं, ही शंका मनात आली होती, नाही असं नाही. पण वाटलं, आयर्लंड आहे, इथे गवतसुद्धा रांगेत उभं राहत असेल.

मग शेजारी आला. उंच, काटकुळा, सत्तरीचा चिनी गृहस्थ. मे महिन्यात कानपट्ट्यांची टोपी आणि गळ्यात थर्मास. त्याने ढिगाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. वरच्या खिशातून पेनासारखं काहीतरी काढून झटका दिला, तर ती जुन्या रेडिओच्या एरियलसारखी लांबच लांब होणारी छडी निघाली. छडीचं टोक ढिगावर टेकवून तो शांतपणे चार अक्षरं म्हणाला, "वू कू फंग तंग." लगेच हातातल्या फोनने त्याचं भाषांतर करून एका सभ्य बाईच्या आवाजात इंग्रजीत सांगितलं: पाचही धान्यांचे भरघोस पीक आले आहे.

मला वाटलं, कौतुक करतोय. मी वाकून थँक यू म्हणालो.

तो खाली बसला आणि ढिगातली रोपं एकेक करून बादलीतल्या पाण्यात ठेवायला लागला, आंघोळ घातलेल्या बाळाला ठेवावं तसं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

या माणसाला मी पुढे मास्तर म्हणायला लागलो. चीनच्या वायव्येला कान्सूमधल्या एका शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला होता. छडी तिथलीच. लेकीमागोमाग आयर्लंडला आले, पण छडी काही सुटली नाही. ढग दाखवायला छडी, बस दाखवायला छडी, बिस्किटांच्या पुड्यातलं नेमकं कुठलं बिस्किट हवं तेही छडीने. इंग्रजी शब्द त्यांना मोजकेच यायचे, त्यातला सगळ्यात कष्टाळू म्हणजे 'ग्रँड', आयरिश लोकांचं 'ठीक', 'छान' आणि 'चालेल' एकाच शब्दात. उरलेलं काम फोन करायचा.

आणि फोनलाही न झेपणारं काम ती चार-चार अक्षरं करायची. चिनी भाषेत म्हणे असे चार अक्षरांचे शब्दप्रयोग पोत्याने आहेत, आणि मास्तरांनी त्यातलं सुपीक जमिनीचं आणि सुबत्तेचं पोतं तेवढं बरोबर आणलं होतं. आमच्या दोघांच्या तुकड्यांमध्ये मिळून एक बस धड वळली नसती. पण सकाळी आल्यावर छडी अर्धवर्तुळात फिरवून ते म्हणायचे, "वो ये छ्येन ली", म्हणजे हजार कोस पसरलेली कसदार रानं. आडवातिडवा पाऊस सुरू झाला आणि छत्री उलटी झाली की "फंग थ्याओ यू शुन": वारा समजूतदार, पाऊस आज्ञाधारक. माझ्या मुळ्याच्या वाफ्यात करंगळीएवढे मुळे निघाले तेव्हा त्यांनी टोपी काढून पुन्हा पाच धान्यांची घोषणा केली. चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. हा माणूस भाबडा आहे की आपली यथेच्छ टिंगल करतोय, हे ठरवायला मला महिना लागला. दोन्ही, असं शेवटी ठरलं.

पण एक शब्दप्रयोग ते टिंगलीत कधी वापरत नसत. "यू मी जर श्यांग." मासे आणि तांदळाचा मुलूख. जिथे पाणी मुबलक, ताटात मासा, वाटीत भात, असा भरलेला, तृप्त प्रदेश. तोच त्यांना त्या तुकड्यात करायचा होता. भात आणि त्याच पाण्यात मासे, ब्लँचर्डस्टाउनमध्ये.

मी म्हटलं, "अहो, हा शब्द तर आमच्या कोकणाचा आहे! तुमच्याकडे कुणी नेला?" आणि उत्साहाने तो उच्चारून दाखवला. मास्तर पोट धरून हसले. 'यू' म्हणताना आवाज वर चढवला की मासा होतो. माझा आधी घसरला आणि मग चढला, तर त्याचा पाऊस झाला. पाऊस आणि तांदळाचा मुलूख. "तांदूळ नाही अजून," फोनमधल्या बाई म्हणाल्या, "पाऊस आहे. अर्धे बरोबर."

घाई होती ती अशासाठी, की मास्तरांचा हा शेवटचा उन्हाळा होता. लेकीला दूर कॉर्कजवळच्या रिंगास्किडीच्या एका औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली होती. ती पुढे गेली. तिथला फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. ऑक्टोबरअखेर इथलं घर सोडायचं आणि जमिनीचा तुकडा परत करायचा, असं बापलेकीत ठरलं होतं. त्याआधी स्वतःच्या पाण्यातला एक घास भात खायचा, एवढंच मास्तरांचं म्हणणं. आणि मी त्यातली अर्धी रोपं उन्हात वाळवून बसलो होतो.

जूनमध्ये आई आली. तीन महिन्यांच्या मुक्कामाला सहा महिन्यांचे कपडे, तिरफळं आणि माझ्याबद्दलची नेहमीची काळजी घेऊन. घरात तिला करमेना, म्हणून एका संध्याकाळी अलॉटमेंटवर नेली. मास्तरांनी तोवर हातभर खोल खाचर खणलं होतं, तळाला चिकणमाती थापून पाणी भरलं होतं, आणि शॉपिंग सेंटरमधून आणलेले सोनेरी मासे त्यात फिरत होते. मास्तर काठावर बसून, फोनवरचा व्हिडिओ थांबवत थांबवत, एकेक रोप मातीत खोचत होते. खोचलं की ते वर तरंगायचं.

आईने जरा वेळ पाहिलं.

"ह्येका कोणी शिकवल्यान?"

"व्हिडिओवर शिकतायत."

"शेतकरी मां तो?"

"भूगोलाचे मास्तर आहेत."

"मगे बरोबर," आई म्हणाली. साडीचा काष्टा मारला, चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि डब्लिनच्या त्या बर्फासारख्या पाण्यात उतरली. "अगो बायो!" एवढंच एकदा म्हणाली. मग दोन-तीन रोपांचा जुडगा, अंगठा मागे, सप्‌कन चिखलात, की पुढचा. मास्तर उठून उभे राहिले. छडी मिटवून खिशात घातली. तिच्या शेजारी येऊन तसंच करायला लागले.

"अशी नाय. आंगठो मागे. सांग रे ह्येका!"

मी काय सांगणार? अंगठा मागे, हे माझ्यासाठीही नवीनच होतं. पण त्यांना माझी गरजही नव्हती. ती मालवणीत बोलायची, ते चिनीत, आणि फोनमधल्या बाईंनी आईचं मालवणी ऐकून दोनदा माफी मागितली नि मग गप्प बसल्या. रोपं उपटल्याची माझी कीर्ती आईपर्यंत पोचली तेव्हा मात्र तिने काम थांबवलं. "मेल्या, तरवो उपटतत तो लावणी करूक! उपटून वाळत घालूक नाय!"

म्हणजे उपटायची तर होतीच. माझं चुकलं ते वेळेच्या बाबतीत. मी हे बायकोला सांगून पाहिलं. ती नागपूरची. म्हणाली, "हो ना बापा. तू तर शेतीतज्ज्ञच होऊन राहिला."

एका दुपारी चहा घेताना आईने मला मास्तरांना विचारायला लावलं, की तुमच्या गावात मासे कुठले मिळतात. मास्तरांनी बराच वेळ फोनशी बोलून उत्तर तयार केलं. त्यांच्या गावात मासेही नव्हते आणि भातही नव्हता. पिवळी, कोरडी माती, ज्वारीसारखं काहीतरी धान्य आणि बटाटे. पण नव्या वर्षाच्या जेवणात ताटात मासा हवाच, कारण चिनीत 'मासा' आणि 'शिल्लक उरणं' यांचा उच्चार एकच. मग त्यांच्या घरी एक लाकडी मासा होता. वर्षभर कपाटात असायचा. नव्या वर्षाला तो ताटात मांडून वर गरम रस्सा ओतायचे. पाहुणे रस्सा घ्यायचे, माशाची स्तुती करायचे, आणि मासा धुऊन परत कपाटात जायचा. पुढे भूगोल शिकवताना ते नकाशावर दक्षिणेकडे छडी टेकवायचे आणि पोरांकडून घोकून घ्यायचे: यू मी जर श्यांग. तो मुलूख त्यांनी स्वतः कधी पाहिला नव्हता. पहिला खरा मासा खाल्ला तेव्हा लग्न झालेलं होतं.

"लाकडाचो मासो," आई म्हणाली. "आणि वरसून तिखला?" तिने कप खाली ठेवला. त्या दिवसापासून ती त्यांच्या खाचराला 'आमचा' म्हणायला लागली.

जुलैमध्ये समितीची पाहणी झाली. आमच्या अलॉटमेंटच्या अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त नर्स, गुलाबी गमबूट, आवाज वॉर्डभर पोचणारा. नियम एकच कडक: तळं खणायचं नाही, लहान मुलं पडतील. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"यॉर मॅनने तळं खणलंय."

यॉर मॅन, म्हणजे तुझा माणूस. मी म्हटलं, "माझा नाही हो तो. शेजारी आहेत."

"हो हो. पण यॉर मॅनने तळं खणलंय ना?"

दोनदा सांगूनही त्या तेच म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, अलॉटमेंटमध्ये शेजाऱ्याची जबाबदारी शेजाऱ्यावर असणार. मी छाती पुढे काढून म्हणालो, "ठीक आहे. माझा माणूस. जे होईल ते माझ्यावर." गाडीत बायकोने कपाळाला हात लावला. "अरे, यॉर मॅन म्हणजे नुसतं 'तो'! इतकी वर्षं या देशात काय ऐकून राहिला तू?"

पण शब्द गेला होता. समितीपुढे वकील म्हणून मीच उभा राहिलो. सभा अवजारांच्या खोपीत, चहा आणि बिस्किटांसह. मी म्हणालो, हे तळं नाही, हे शेत आहे. अध्यक्षबाई म्हणाल्या, "शेत असेल तर उत्तम. मग मासे काढा."

फोनमधल्या बाईंनी मास्तरांचं उत्तर दिलं: "मासे काढल्यास मुलूख अर्धा होतो."

"आणि पीक कुठाय? मला तर गवत दिसतंय."

मी माझ्या गमबुटांकडे बघायला लागलो. आईने कोपराने मला ढोसलं. "काय म्हणता ती?"

"गवत म्हणतेय."

"तिका सांग, गवत म्हणणारो पयलो माझोच झील."

मी भाषांतर केलं: "आई म्हणते, अशी चूक कुणाचीही होऊ शकते."

शेवटी ठरलं ते असं. सप्टेंबरच्या सभेपर्यंत भाताला लोंबी दिसली, तर ते शेत आणि मासे पाहुणे. नाही दिसली, तर ते तळं. पाणी काढायचं, खड्डा बुजवायचा आणि मास्तरांनी तुकडा तेव्हाच परत करायचा.

आता भाताला ऊब लागते आणि आयर्लंडच्या ऑगस्टमध्ये ऊब मागणं म्हणजे बँकेत भाजी मागणं. आईने पाण्यात हात घालून सांगितलं, पाणी गार आहे, भात कुडकुडतोय. मग आमच्या गादीबरोबर आलेलं प्लास्टिक बांबूंवर ताणून झालं. मास्तर गळ्यातल्या थर्मासातलं पाणी ओतायला लागले. ते पितही गरम पाणीच. आई घरून दुसरा थर्मास आणायची. दोघं दोन काठांवर बसून खाचराला चहा पाजावा तसे घोट घोट पाणी ओतायचे. मी कामावरून, ग्रँड कॅनाल डॉकहून, ट्रेन आणि बस बदलत यायचो तेव्हा हे दृश्य चालू असायचं. मी म्हणायचो, आई, एवढ्याशा गरम पाण्याने काय होणार? ती म्हणायची, "तुका काय जाता? माशांका बरा वाटता."

आईच्या परतीच्या आदल्या दिवशी ती प्लास्टिकखाली वाकली आणि तशीच राहिली. मला वाटलं, कंबर धरली. तिने एका रोपाचा फुगलेला देठ दोन बोटांत धरला होता. "पोटरेक इला रे," ती म्हणाली. लोंबी आत होती. मास्तरांना मी खुणेने सांगितलं. त्यांनी छडी काढली, त्या देठाला लावायला नेली, आणि मध्येच मागे घेतली.

सप्टेंबरच्या सभेला लोंब्या बाहेर आलेल्या होत्या. बारीक, हिरवट, पण लोंब्या. मी आदल्या रात्री आईला व्हिडिओवर त्या दाखवल्या होत्या. तिने नखाने दाबून बघायला सांगितलं होतं, आणि दाबल्यावर बहुतेक दाणे चप्प बसले होते. पोचट. आत काहीच नाही. हे मला माहीत होतं आणि मास्तरांच्या तोंडाकडे पाहून कळलं, की त्यांनाही माहीत होतं.

अध्यक्षबाईंनी चष्मा लावून लोंबी पाहिली. सगळी समिती वाकली. "देवा रे," बाई म्हणाल्या, "खरंच तांदूळ! पीक चांगलं आलंय का?"

मास्तर ताठ उभे राहिले. "वू कू फंग तंग."

फोनची बॅटरी संपली होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पाच धान्यं सोडा, एक तरी आहे का, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. मास्तर माझ्याकडे बघत नव्हते, माशांकडे बघत होते.

"ते म्हणतायत," मी म्हणालो, "ग्रँड."

"ग्रँड सो," अध्यक्षबाई म्हणाल्या, आणि खटला संपला.

ऑक्टोबरमध्ये कापणी झाली. माझ्या बायकोच्या शिवणाच्या कात्रीने. सगळ्या लोंब्या झोडून, पाखडून, फुंकून, जे भरलेले दाणे उरले ते मास्तर मुठीत घेऊन आमच्याकडे आले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने कॉर्कला जायचं होतं, पुढे लेक न्यायला येणार होती. मासे अध्यक्षबाईंकडे पोचते झाले होते. त्यांच्या घरामागे प्रशस्त तळं आहे. नियम फक्त अलॉटमेंटपुरता.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून आम्ही नखांनी दाणे सोलले. बायको माझ्यासमोर मास्तरांच्या बाजूला बसली होती. मासळीच्या वासाने एरवी खिडक्या उघडणारी ती बाई, त्या दिवशी मी तिरफळ घालून बांगड्याच्या इथल्या चुलतभावाचं तिखलं करत होतो तरी उठली नाही. तांदूळ एवढासा, तो शिजवायचा कशात? बायकोने आमच्या लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी काढली आणि तीच कुकरमध्ये ठेवली.

एक घास भात. त्यावर मी रस्सा घातला, शेजारी माशाची तुकडी ठेवली. आम्हाला चव बघायला द्यायचा मास्तरांनी आग्रह केला, आम्ही नको म्हणालो, आग्रह आणि नकार यात भात गार व्हायला लागला, तेव्हा बायको मराठीत ओरडली, "खा ना आता!" त्यांनी खाल्लं. डोळे मिटून, खूप वेळ. मी वाट बघत होतो, की आता चार अक्षरं येणार. मी तर फोन चार्जिंगला लावून तयार ठेवला होता.

चार अक्षरं आली नाहीत. त्यांनी माझ्या फोनकडे बोट केलं आणि खुणेने सांगितलं, आईला लावा. तिकडे रात्र झाली होती, आई अंथरुणातूनच बोलली. मास्तरांनी रिकामी वाटी कॅमेऱ्यापुढे धरली.

"जेवलास मां पोटभर?" आईने विचारलं.

"ग्रँड," मास्तर म्हणाले. आणि पुन्हा म्हणाले, "ग्रँड." मग वाटी स्वतः धुवायला उठले, आम्ही धुऊ दिली.

ते गेल्यावर मी जरा हळवा झालो होतो. म्हटलं, बघ, एवढी धडपड केली आणि शेवटी हाती काय आलं, एक घास. आता तिसऱ्या मजल्यावर बसून काय करतील बिचारे?

बायको ओटा पुसत होती. "बिचारे? तुला दिसलं नाही ना? अर्धे दाणे त्यांनी सोललेच नाहीत. रुमालात बांधून कोटाच्या खिशात घालून घेऊन गेले. त्यांच्या लेकीला फोन कर आत्ताच. म्हणावं, घरात बाथटब असेल तर मासे येण्याआधी आंघोळ उरकून घे."